दाभोळहून गोवळकोटापर्यंत

कोकणच्या जलवाहतुकीचा विचार करताना आपले लेखक बहुधा खाडीच्या मुखाशीच थबकतात. दाभोळ, जैतापूर, बाणकोट ही नावे घेतली आणि जकातीच्या दप्तरांचा उल्लेख केला, की विषय संपला असे समजले जाते. परंतु मोठी गलबते ज्या मुखाशी थांबत, तेथून आत सह्याद्रीच्या पायथ्याकडे माल व माणसे नेणाऱ्या पडावांचे शास्त्र निराळे होते, आणि रात्रीचा नांगर हा त्या शास्त्राचा अर्धा भाग होता.

सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, विजयदुर्गाच्या खाडीवर खारेपाटण ही पेठांची गावे समुद्रापासून इतकी आत वसली याचे कारण उघड आहे: भरतीचे पाणी जेथवर चढे तेथवर पडाव, आणि त्यापुढे घाटाची बैलवाट. खारेपाटणास शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट सापडला, यावरून त्या गावाचे वय ध्यानात यावे. चिपळूणचे बंदर म्हणजे गोवळकोट. तेथे उतरलेला माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाई.

दाभोळपासून वाशिष्ठीतून गोवळकोटापर्यंत आत जाणारा जलमार्ग सुमारे ४५ किलोमीटरांचा. भरती मात्र सहा तासांची. भरलेला पडाव शीड व वल्ही यांच्या जोरावर एवढी मजल एका भरतीत मारीलच असे नाही, म्हणून ओहोटी लागली की प्रवाहाशी व्यर्थ झगडा न करता मध्येच नांगर टाकावयाचा आणि पुढल्या भरतीची वाट पाहावयाची. एका भरतीपासून दुसरीपर्यंत १२ तास २५ मिनिटे जात असल्यामुळे घड्याळाचे वेळापत्रक येथे निरुपयोगी. तांडेल तिथी पाहत असे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे खुजी भरती.

नांगराची जागा निवडणे हे खरे कसब. वळणाच्या बाहेरच्या अंगास प्रवाह जोराचा. आतल्या अंगास गाळ. दोर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पटीने सोडावा लागतो, आणि पाणी उलटले की पडाव नांगराभोवती फिरून नाळ दुसऱ्या दिशेस वळवतो, तेव्हा तेवढी मोकळी जागा भोवताली हवी. उधाणाच्या ऐन भरतीला काठच्या चिखलावर चढलेला पडाव पुढच्या भरत्या खुज्या पडल्यामुळे पंधरवडाभर तेथेच रुतून बसण्याचा संभव असतो. असा तांडेल व्यापाऱ्याच्या मर्जीतून उतरला तर नवल नाही. काठावर उतरून निजण्याचा मोहही टाळलेला बरा, कारण वाशिष्ठीत मगरी आहेत.

आज हे गणित बदलले आहे. १९६२ पासून कोयनेच्या वीजघरातील पाणी वाशिष्ठीत उतरते. गाळाने पात्र उथळ झाले. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाल्यावर हा गाळ काढण्याचे काम सरकारने हाती घेतले. तत्पूर्वीच, २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले व दाभोळ खाडी-वाशिष्ठीस २८ वा क्रमांक मिळाला. क्रमांकाने पाणी खोल होत नाही. दर पावसाळ्यानंतर पात्राची खोली मोजून ती मराठीत प्रसिद्ध करावी, आणि मोजणीच्या होडीत दाभोळ-अंजनवेलकडचा एखादा वयस्क तांडेल मेहनताना देऊन बसवावा, एवढी विनंती बंदर खात्याने मनावर घ्यावी.