पन्हाळा की आंबोली? स्टॉल टाकण्याआधी पर्यटकांची नाराजी ऐका

पावसाळ्यात हिल स्टेशनला स्टॉल टाकायचाय? मग घरातलं सोनं गहाण ठेवण्याआधी एवढं वाचा.

पन्हाळा: कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटर. लोकांना तीन दरवाजा, सज्जा कोठी, धुकं आणि गरमागरम झुणका-भाकर आवडते. जुलै २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आलाय. नावडतं काय? रविवारी पार्किंगसाठी मारावे लागणारे हेलपाटे.

आंबोली: मुख्य धबधबा रस्त्यालगतच, म्हणून आजी-आजोबाही खूश. पण भिजल्यावर बायकांना कपडे बदलायला आडोसा सापडत नाही, आणि सुट्टीला घाटात गाड्यांची रांग.

महाबळेश्वर: स्ट्रॉबेरी आणि वेण्णा तलावातली बोट आवडते, सीझनमधलं रूमचं भाडं नाही.

आता नीट बघा. आवडतं ते बहुतेक निसर्गाचं नाहीतर इतिहासाचं. नावडतं ते सोयीचं, आणि आपला धंदा तिथंच आहे. भाकरी सगळेच विकतात. बसायला कोरडी जागा, कपडे बदलायला आडोसा, मोठ्या अक्षरात दरपत्रक कोण देतं?

म्हणून आधी दोन रविवार तिथं नुसतं फिरा. दहा कुटुंबांना विचारा, "इथं काय आवडलं नाही?" एकच उत्तर वारंवार आलं, की जागेच्या परवानगीची चौकशी करा. पैसे त्यानंतर घाला.