शलमोनाने मागितले आणि गमावले

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या घराघरांतून मुलांच्या बुद्धीसाठी प्रार्थना होऊ लागतात आणि अशा वेळी शलमोन राजाचे नाव हमखास घेतले जाते. गिबोन येथे परमेश्वराने स्वप्नात दर्शन देऊन त्याला हवे ते मागण्यास सांगितले. त्याने दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागितला नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याने नेमके काय मागितले, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. मूळ हिब्रू भाषेतील शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारे अंतःकरण (१ राजे ३:९). पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २२ सप्टेंबर २०११ रोजी जर्मन संसदेत केलेल्या भाषणात राज्यकर्त्यांपुढे हीच मागणी ठेवली होती. पवित्र शास्त्राच्या दृष्टीने शहाणपणाची सुरुवात ऐकण्यापासून होते. हुशारी ही वेगळी गोष्ट आहे.

या वरदानाचे पहिले फळ लगेच दिसते. एका तान्ह्या बाळावरून भांडणाऱ्या दोन वेश्या थेट राजासमोर उभ्या राहतात. समाजाने ज्यांना दारात उभे केले नसते, त्यांचे म्हणणे राजा शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि म्हणूनच खरी आई ओळखू शकतो.

पुढे हा राजा बिघडला कसा? विदेशी राण्यांमुळे, असे उत्तर सर्रास दिले जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. अनुवादाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलच्या राजाला तीन गोष्टी वर्ज्य आहेत : घोड्यांचा साठा, पुष्कळ बायका आणि सोन्याचांदीची रास. नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर दररोज वाचण्याचीही त्याला आज्ञा आहे. आता राजांच्या पहिल्या ग्रंथाचा दहावा अध्याय उघडावा. एका वर्षात ६६६ किक्कार सोने आले. एक किक्कार सुमारे ३० ते ३५ किलोंचा. रथ १,४००, स्वार १२,००० आणि घोडे आणवले तेही मिसर देशातून. सातशे राण्या व तीनशे उपपत्नी यांचा उल्लेख येतो तो त्यानंतर, अकराव्या अध्यायात.

यातील प्रत्येक गोष्टीला व्यवहारी कारण देता येते. घोडे देशाच्या रक्षणासाठी, सोने राज्याच्या वैभवासाठी, विवाह शेजारी राजांशी सलोख्यासाठी. मोह शलमोनाकडे पापाच्या रूपात आलाच नाही. तो दूरदृष्टीच्या, शहाणपणाच्या वेषात आला. संत याकोब आपल्या पत्रात वरून येणारे ज्ञान आणि ऐहिक ज्ञान असा भेद करतात (याकोब ३:१३-१८), तो याचसाठी. दोन्हींची भाषा सारखीच असते. वरून येणारे ज्ञान ओळखायचे ते त्याच्या सौम्यतेवरून आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याच्या तयारीवरून.

शलमोनाचे ऐकणे मात्र कमी होत गेले. मंदिराच्या बांधकामाला सात वर्षे लागली, स्वतःच्या राजवाड्याला तेरा. परमेश्वराने दोनदा दर्शन दिलेला हा राजा म्हातारपणी सिदोनी लोकांच्या अष्टारोथ देवीच्या भजनी लागला आणि येरुशलेमसमोरच्या डोंगरावर त्याने परक्या दैवतांसाठी उच्चस्थाने उभारली. त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी त्याच्या पुत्राकडे, रहबामाकडे, एकच विनंती केली : बापाने लादलेले जड जू हलके करावे. रहबामानेही ऐकले नाही. राज्य दुभंगले. डोंगरावरील ती उच्चस्थाने सुमारे तीनशे वर्षांनी योशिया राजाने भ्रष्ट केली, तोवर ती तिथेच होती (२ राजे २३:१३). बेनसिराच्या ग्रंथातही शलमोनाच्या ज्ञानाची मुक्तकंठाने स्तुती आहे आणि त्याच दमात त्याने आपल्या कीर्तीला लावलेल्या डागाची नोंदही आहे (४७:१२-२२).

ख्रिस्तसभा ही कथा उपासनेत जवळजवळ सलग वाचते. सम वर्षांत, सामान्य काळाच्या चौथ्या आठवड्यातील शनिवारी शलमोनाची प्रार्थना ऐकायला मिळते आणि पुढच्याच गुरुवारी त्याचे पतन. त्या गुरुवारचे शुभवर्तमान मार्क ७:२४-३० हे आहे. ज्या किनारपट्टीच्या देवीपुढे ज्ञानी राजा वाकला, त्याच मुलखातील एक परधर्मीय आई त्यात प्रभू येशूच्या पाया पडते आणि मेजाखाली पडणाऱ्या चुऱ्यावर आपल्या मुलीसाठी हक्क सांगते. प्रभू तिचे ऐकतो.