माळ्यावर वाळणारी द्राक्षं

इटलीतल्या वेरोनाच्या उत्तरेला, गार्डा सरोवर आणि लेस्सिनी डोंगर यांच्या मधल्या दऱ्यांना वाल्पोलिचेल्ला म्हणतात. इथली अमारोने ही लाल वाइन ज्या द्राक्षांची होते, ती खुडल्यावर पिळायला जात नाहीत, माळ्यावर जातात.

फुमाने गावातल्या अशा एका माळ्यावर मी नोव्हेंबरात गेले होते. खिडक्या सताड उघड्या, वारा आरपार, उथळ क्रेटमध्ये घडांचा एकच थर. पूर्वी यासाठी बांबूच्या ताट्या असत. तिथल्या बाई एकेक घड उजेडात धरत, देठाशी बुरशी दिसली की तो मणी चिमटीनं काढत आणि घड उलटून ठेवत. हवा दमट झाली की पंखे लावावे लागतात, कारण एक कुजका मणी शेजारच्यांनाही नासवतो. कोर्विना या मुख्य जातीची साल जाड, म्हणून ती एवढे दिवस तग धरते.

तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. सालीवरचा मेणचट थर निघतो आणि साधारण पंधरवड्यात काम होतं. वाल्पोलिचेल्लात मात्र कशातच बुडवत नाहीत. तीन-चार महिन्यांत वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त उडून जातो, तरी मण्यात दाट रस उरायलाच हवा. 1 डिसेंबरच्या आत ही द्राक्षं पिळायला सहसा परवानगी नसते.

मग ऐन थंडीत, साखरेनं जड झालेल्या रसात यीस्ट रेटत राहतं. ते मध्येच थांबलं तर वाइन गोड राहते; तिला रेचोतो म्हणतात आणि अमारोनेच्या कितीतरी आधीपासून ती इथे होते. सहाव्या शतकात रोमन मुत्सद्दी कासियोदोरसनं वेरोनाकडच्या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनची तारीफ लिहून ठेवली आहे. साखर जवळपास सगळी संपली, की अमारोने: अल्कोहोल किमान 14 टक्के, चेरी आणि सुकलेल्या आलुबुखारचा वास, शेवटी जिभेवर कडवटपणा.

मागणी वाढली तशा बागा सपाटीवरही पसरल्या. मला मात्र उतारावरच्या द्राक्षांचीच अमारोने आवडते. तिथल्या गार रात्रींमुळे मण्यातलं आम्ल टिकतं, आणि वाळल्यावर वाढलेल्या साखरेला तेच तोलून धरतं. हे आम्ल बागेतूनच यावं लागतं, माळ्यावर ते तयार होत नाही. आम्ल कमी असलेल्या अमारोनेचा दुसरा पेला माझ्यानं संपत नाही.

पिळून उरलेला चोथाही फेकत नाहीत. त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला वाइन ओतली की ती पुन्हा आंबते आणि रिपास्सो तयार होते. ती अमारोनेपेक्षा बरीच स्वस्त असते. या दऱ्यांची ओळख करून घ्यायची असेल, तर मी आधी तीच सुचवेन.