एकविसाव्या अनुच्छेदातील ‘प्रत्यक्ष’

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. आपल्या देशाच्या कारभारात प्रत्यक्षपणे किंवा स्वेच्छेने निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत भाग घेण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, असे त्याच्या एकविसाव्या अनुच्छेदात नमूद आहे. या अनुच्छेदात ‘लोकशाही’ हा शब्द कोठेही नाही. पुढे १९६६च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराने हाच हक्क सामील होणाऱ्या देशांवर बंधनकारक केला आणि १९७९ मध्ये भारत त्यात सामील झाला. ‘लोकशाहीचा हक्क’ हा शब्दप्रयोग शीर्षकातच असलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने मंजूर केला तो थेट १९९९ मध्ये. तेव्हा ५१ देश बाजूने होते, विरोधात कोणी नव्हते, चीन आणि क्यूबा तटस्थ राहिले.

या हक्कातील प्रतिनिधी निवडण्याचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘प्रत्यक्षपणे’ या शब्दाकडे मात्र फारसे कोणी वळून पाहत नाही. प्रत्यक्ष सहभागाची जागा भारतात ग्रामसभा ही आहे. २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक स्थान दिले, आणि ग्रामपंचायत ही निवडून दिलेल्या सदस्यांची असली तरी ग्रामसभा ही गावच्या मतदारयादीतील प्रत्येकाची असते, हा फरक त्यामुळे कायम झाला. पण महाराष्ट्रात गणपूर्तीअभावी, म्हणजे ठरलेल्या किमान संख्येइतके लोक न जमल्याने, सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि मग मोजक्या सह्यांवर ठराव इतिवृत्तात चढतात. हक्क लोकांच्या हातून निसटतो तो अशा वेळी, कोणी हिरावून न घेताही.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने वेगळा मार्ग धरला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तेथील घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्यामागची कार्यपद्धती अधिक मोलाची आहे. गावाचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात, आणि विषय समजून घेण्यासाठी स्वतंत्र अभ्यासगट बसतो, जेथे निर्णय घ्यायचा नसल्यामुळे हार-जितीचा ताण नसतो आणि शंका मोकळेपणाने विचारता येतात. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, म्हणजे त्या जंगलाचे रक्षण, व्यवस्थापन आणि गौण वनोपजाची (इमारती लाकडाखेरीजच्या वनोत्पादनाची) विक्री ही कामे कोणा एका कुटुंबाकडे न जाता ग्रामसभेकडे आली. तरीही गावाचा बांबू बाहेर जाईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता आणि वनहक्क कायद्याने गौण वनोपज ठरवलेल्या बांबूला खाते इमारती लाकडाच्याच पंक्तीत बसवत होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बांबूचा ट्रक अडवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नावर मानवी हक्काची खरी कसोटी लागली, आणि ती एका गावाने चिकाटीने लावली.

जागतिक पातळीवर सामान्य माणसाला अशी प्रत्यक्ष जागा जवळजवळ नाहीच. सुरक्षा परिषदेत तर पाच कायम सदस्यांपैकी एकाचा नकार बाकी साऱ्या जगाच्या होकाराला पुरून उरतो, आणि एकविसाव्या अनुच्छेदाशी हे विसंगत आहे असे म्हणण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. म्हणूनच ओडिशातील नियमगिरी डोंगराचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेव्हा लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या वेदान्त समूहाच्या प्रकल्पासाठी त्या डोंगरातील बॉक्साइट खणायचे की नाही, हे डोंगरिया कोंध आदिवासी आणि तेथील इतर रहिवाशांच्या ग्रामसभांना विचारावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिला. राज्य सरकारने त्यासाठी बारा गावे निवडली. त्या पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या निरीक्षकासमोर सभा भरल्या, आणि बाराही गावांनी नकार दिला.