उसातील बिबट्या आणि शाळेतील विज्ञानकथा

दौंड तालुक्यातील राहू व त्याच्या सभोवारचा बेट परिसर हा भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधील उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख होय. भीमेपलीकडे शिरूर तालुका आहे. दोन्ही तीरांवर वर्षातील बराच काळ ऊस उभा असतो आणि त्याच्या आडोशाने बिबट्या वावरतो. त्याच्याविषयी गावात दोन प्रकारचा मजकूर आढळतो. फलकावरील सूचना अचूक असते, परंतु कोरडी; पारावरील हकीकत रसभरित असते, परंतु तिच्यात तथ्य किती हे कोणी विचारीत नाही. सूचना कोणी वाचत नाही, हकीकत कोणी विसरत नाही. या दोहोंचे गुण एकत्र आणता आले, तर त्यात मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा लाभ आहे.

मराठीतील परंपरा

विज्ञान आणि ललित लेखन यांचा असा मेळ मराठीला नवा नाही. 1966 मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा भरविल्या. 1974 च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. तिचे लेखक होते खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. पुढे 2021 च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

बिबट्याच्या बाबतीतही असे उदाहरण आहे. शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर येथे, 2009 मध्ये विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला संशोधकांनी गळपट्टा बसविला व माळशेज घाटात सोडले. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्या नोंदींवरून 2014 मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट निघाला.

वर्गातील प्रयोग

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना 'ऊसतोडीत सापडलेले बछडे' हा विषय द्यावा. प्रथम तथ्ये जमवावीत. मादी सुमारे तीन महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा दोन-तीन पिलांना जन्म देते. दाट ऊस तिला सुरक्षित वाटतो. कुत्री, शेळ्या हे तिचे सहज मिळणारे भक्ष्य. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस तिला लहान प्राण्यासारखा भासू शकतो. ही माहिती वनरक्षकांकडून तपासून घ्यावी.

त्यानंतर लेखन. पात्रे, संवाद व प्रसंग कल्पनेचे असावेत; प्राण्याचे वर्तन मात्र निरीक्षणाला धरून असावे. मादी सूड घेण्यास आली, असे कोणी लिहिले, तर त्याला आधार विचारावा. ती पिलांच्या शोधात आली, असे लिहिल्यास कथा खरी होते आणि तिच्यातून पुढचे पाऊलही सुचते: पिले घरी न नेता वन विभागास कळवावे, म्हणजे ती त्याच जागी ठेवून रात्री मादीला परत नेता येतील.

27 फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि 28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास बहुधा ऊसतोडही चालू असते. निवडक कथांचे वाचन ग्रामपंचायतीने या दोन दिवसांत गावापुढे, तसेच ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर घडवून आणावे. फलकावरील सूचना जेथे पोहोचत नाही, तेथे मुलांची कथा पोहोचेल.