कुत्र्या-मांजरांचे आरोग्य : वर्षभराचे काही गैरसमज

माणसाला जे मानवते ते प्राण्यालाही मानवेल, या समजुतीपायी प्रेमळ घरांतही कुत्र्या-मांजरांचे हाल होतात आणि उन्हाळ्यात ही समजूत सर्वांत ठळकपणे दिसते. अंगावर एवढे केस असल्यावर उकडणारच, असे म्हणून दाट केसांच्या कुत्र्याचे अंग कातडीपर्यंत भादरले जाते. वस्तुतः तेच केस उन्हाची झळ कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत, म्हणून नियमित विंचरून गळलेले केस आणि गुंते काढले म्हणजे पुरते. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असल्यामुळे घामावाटे त्याचे अंग फारसे थंड होत नाही. तो धापा टाकतो आणि जीभ व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन उडताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. म्हणूनच उष्माघात हा विदर्भातल्या कोरड्या उन्हाचाच प्रश्न आहे, हा समज घातक ठरतो, कारण मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते आणि पारा चाळिशीच्या बराच खाली असतानाही, विशेषतः पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचे, शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतणे आणि वारा घालणे हे दवाखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वीच सुरू करावे लागते.

गोचीड पावसाळ्यातच होतात आणि अंगावरचे वेचून काढले की संपतात, हा समज अधिक चिवट आहे. कुत्र्यावर नेहमी आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतांश काळ कुत्र्याच्या अंगाबाहेर काढतो. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते, आणि त्यांतून निघालेली पिले प्रत्येक अवस्थेत पुन्हा अंगावर चढतात. हे सारे चक्र घराच्या आतच पूर्ण होऊ शकत असल्याने महाराष्ट्राच्या उबदार हवेत गोचीड बाराही महिने टिकतात. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जिवाणू शरीरात शिरला, तर रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होऊन नाकातून रक्त येऊ शकते. हाच तो गोचीड ताप, जो काही कुत्र्यांत महिनोन्‌महिने लपूनही राहतो. त्यामुळे कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज पाहणे, पशुवैद्यकाने सांगितलेले औषध वर्षभर चालू ठेवणे आणि घरातील भेगा बुजवणे ही तिन्ही कामे एकत्रच करावी लागतात. मात्र कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिन असलेले औषध मांजराच्या अंगावर थेंबभरही लावू नये, कारण मांजराचे यकृत ते पुरेशा वेगाने निष्प्रभ करू शकत नाही आणि त्याला कंप सुटून झटके येतात.

यकृताच्या याच उणिवेमुळे तापावरची घरगुती गोळीही मांजराला विष ठरते. कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा जास्त असते. साहजिकच हाताला अंग गरम लागते, त्यात नाक कोरडे दिसले की ताप आला असे ठरवून पॅरासिटामॉल दिले जाते. वास्तविक नाक निरोगी प्राण्याचेही झोपेनंतर कोरडे असते आणि ताप थर्मामीटरवाचून कळत नाही. पॅरासिटामॉलपासून तयार होणारी विषारी द्रव्ये रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करतात, हिरड्या चिखलासारख्या तपकिरी पडतात, तोंडावर व पंजांवर सूज येते, आणि ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गोळी दिली गेलीच असेल, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठणे अत्यावश्यक असते.

फ्लॅटबाहेर पाऊलही न टाकणाऱ्या मांजराला लस कशाला, असा प्रश्नही अनेकदा विचारला जातो. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे पांढऱ्या पेशींचा नाश करून जीवघेणी हगवण व उलट्या घडवणारा रोग, याचा विषाणू जमिनीवर वर्षभरसुद्धा तग धरतो आणि घरच्यांच्या चपलांना चिकटून आत येतो. रेबीजचा धोका तर दार उघडे राहिल्यामुळे बाहेरच्या मांजराशी झालेल्या एका झटापटीतूनही संभवतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नसल्यामुळे घरातल्या मांजरालाही ही लस वेळच्या वेळी द्यावी लागते.