दहा घरांची वाट

चार वर्षांचं पोर एक ते दहा घडाघडा म्हणून दाखवतं. मग विचारा, ‘सहा मोठे की आठ?’ अनेकदा ते गोंधळतं. आकडे पाठ असतात, पण त्यांचा लहान-मोठेपणा अजून मनात उतरलेला नसतो.

यावर अमेरिकेत गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी शोधलेला उपाय इतका साधा आहे की विश्वास बसू नये. एका ओळीत दहा घरं, त्यांत १ ते १० अंक. एक किंवा दोन पडतील तेवढं पुढे सरकायचं, बस्स! गरीब घरांतली मुलं पंधरा-वीस मिनिटं, चार वेळा हे खेळली. म्हणजे साधारण तासभर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नऊ आठवड्यांनंतरही त्यांची संख्यांची समज वाढलेलीच दिसली. अंकांऐवजी नुसत्या रंगांची घरं खेळलेल्या मुलांत हे घडलं नाही. पुढे घरं गोलात मांडून पाहिली, तर सरळ ओळीइतका फायदा झाला नाही!

असं का व्हावं? सरळ वाटेवर आठाचं घर सहाच्या पुढे, लांब असतं. तिथे पोचायला उड्या जास्त, तोंडाने म्हणायचे आकडे जास्त, वेळही जास्त. डोळे, हात, कान एकच गोष्ट सांगतात.

मालवणच्या ओल्या वाळूत काडीने दहा घरं आखायला असा कितीसा वेळ लागतो? सोंगटी म्हणून तिसऱ्यांची शिंपली घ्यावी. फाशाऐवजी फोडलेला चिंचोका: पांढरी बाजू वर आली तर एक, काळी आली तर दोन. एक पथ्य मात्र कसोशीने पाळायचं. तीनच्या घरातल्या मुलाला दोन पडले तर ‘एक, दोन’ म्हणत सरकायचं नाही. ‘चार, पाच’ म्हणायचं. खेळाचं सगळं मर्म इथे आहे.

आणि घरांत अंक लिहायलाच हवेत. दिल्लीत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालवर्गांतल्या १५४० मुलांना घेऊन झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. अंकांविना, ठिपक्यांच्या आणि आकृत्यांच्या खेळांनी मुलांची अंदाज बांधण्याची ताकद वाढली, वर्षभरानंतरही टिकली. पुढे शाळेतलं गणित शिकताना मात्र त्यांना फायदा झालेला दिसला नाही.

वस्तू आणि अंक यांची सांगड घालायला सिंधुदुर्गात देखणं साधन आहे, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाची गोल पानं. पानं १२०, दहा अवतारांचे दहा रंग. मत्स्याच्या रंगात राजा-प्रधान वगळले की उरतात एकापासून दहापर्यंत मासे. पानं भिजू नयेत म्हणून हा डाव पडवीत, खडूने आखून मांडावा: ८ च्या घराशेजारी आठ माशांचं पान. मासे मोजायला बोटं आपोआप पुढे येतात. मूळ खेळात पाच रंगांत दहाचं पान एक्क्यावर भारी पडतं, उरलेल्या पाचांत एक्का दहावर. मुलं जरा मोठी झाली की ही गंमतही त्यांना जरूर खेळू द्यावी.